लॉगिन केलं की पुन्हा लॉगिनचंच पान! शेअर्ड होस्टिंगवर सेशन साठत नाहीये

पुस्तकपेटी | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची एक साधी साइट आहे. सात-आठ वर्षांपूर्वी मीच पीएचपी (वेबसाइटची प्रोग्रामिंग भाषा) शिकत शिकत लिहिली. पुस्तकांची यादी, सभासदाचं लॉगिन, पुस्तक राखून ठेवायची सोय, एवढाच पसारा. होस्टिंग शेअर्ड (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट्स), सीपॅनेलवालं (ब्राउझरमधून होस्टिंग सांभाळायची सोय). शनिवारी कंपनीचा मेल आला: तुमचं खातं नव्या सर्व्हरवर हलवत आहोत, तुम्हाला काहीही करावं लागणार नाही.

रविवारी सकाळपासून सभासदांचे फोन सुरू. पासवर्ड बरोबर टाकला तरी पुन्हा लॉगिनचंच पान येतं. चुकीचा टाकला तर 'पासवर्ड चुकला' असं नीट सांगतं, म्हणजे डेटाबेस जिवंत आहे. दोघातिघांचे पासवर्ड मी बदलूनही दिले, उपयोग शून्य.

एरर_लॉग नावाच्या फाइलमध्ये हे सापडलं (देवनागरीत उतरवून देतोय):

वॉर्निंग: सेशन_स्टार्ट(): ओपन(/व्हार/सीपॅनेल/पीएचपी/सेशन्स/ईए-पीएचपी७४/सेस_..., ओ_आरडीडब्ल्यूआर) फेल्ड: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी (२)

आणि लगेच खाली: फेल्ड टू रीड सेशन डेटा: फाइल्स (पाथ: /व्हार/सीपॅनेल/पीएचपी/सेशन्स/ईए-पीएचपी७४)

सपोर्टला तिकीट टाकलं. उत्तर आलं, आमच्या बाजूने सर्व ठीक आहे, आपल्या डेव्हलपरशी संपर्क साधा. डेव्हलपर म्हणजे मीच!

चहाटपरी | सोमवार, रात्री ९:५५

ब्राउझरच्या कुकीज उडवून बघितल्या का?

पुस्तकपेटी | सोमवार, रात्री १०:०१

उडवल्या. शिवाय फोन करणारे वीस जण वीस वेगवेगळ्या मोबाइलवरून करतायत हो.

गडगडाट | सोमवार, रात्री १०:१०

परवानगीचा लोचा आहे. टेम्प फोल्डरला ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी) द्या आणि झोपा निवांत. .एचटीॲक्सेसमध्ये (अपाचे या वेब सर्व्हरच्या सेटिंगची फाइल) पीएचपी_व्हॅल्यू लिहून सेशनचा पाथ तिकडे वळवा. आमच्याकडे दहा वर्षं असंच चालू आहे.

पुस्तकपेटी | सोमवार, रात्री १०:२४

ती ओळ टाकली. आता लॉगिनच काय, अख्खी साइटच ५०० एरर दाखवतेय. ओळ काढली, साइट परत आली. घाम फुटला होता.

सर्व्हरअण्णा | सोमवार, रात्री ११:०५

पुस्तकपेटी, आज रात्री आणखी काही बदलू नका. आधी झालंय काय ते बघू.

वाचनालयात पिशवी बाहेर ठेवून पितळी बिल्ला देतात, तसं हे आहे. सभासदाने पासवर्ड दिला, तुमच्या कोडने तो तपासला, आणि 'हा अमुक सभासद' अशी चिठ्ठी सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवली, तेच सेशन. त्या चिठ्ठीचा नंबर ब्राउझरला दिला, तीच कुकी. पुढच्या पानावर ब्राउझर बिल्ला दाखवतो, सर्व्हर फळीवर पिशवी शोधतो. तुमच्याकडे बिल्ला मिळतोय, पण फळीच जागेवर नाही. म्हणून प्रत्येक पानावर माणूस नवखा ठरतो आणि लॉगिनला परत पाठवला जातो.

आता तुमच्या ओळीच्या शेवटी कंसात असलेला आकडा बघा. सगळा मजकूर विसरलात तरी चालेल, तेवढा आकडा सांगत जा. २ म्हणजे असा फोल्डर अस्तित्वातच नाही. १३ असता तर फोल्डर आहे पण तुम्हाला आत हात घालायची परवानगी नाही. २८ असता तर सर्व्हरची ती डिस्कच भरली, आणि ते फक्त कंपनीच निस्तरू शकते. १२२ असता तर तुमच्या स्वतःच्या खात्याचा कोटा संपला. हे आकडे पीएचपीचे नाहीत, खालच्या लिनक्सचे आहेत, त्यामुळे सीपॅनेल असो की आणखी काही, अर्थ तोच. गडगडाटरावांचा उपाय १३ वरचा होता (तोही चुकीचा, त्यावर नंतर येतो). तुमचा आजार २ आहे. नसलेल्या फोल्डरला परवानगी कुठली देणार?

पाथमधलं 'पीएचपी७४' बघा. पीएचपी ७.४ चा अधिकृत पाठिंबा २८ नोव्हेंबर २०२२ लाच संपला. नव्या सर्व्हरवर त्यांनी ती आवृत्ती ठेवलीच नसावी, म्हणून तो फोल्डरही नाही. प्रश्न असा की नवी पीएचपी जुन्या फोल्डरचा पत्ता का विचारतेय? तिला तो कुणीतरी लिहून दिलेला आहे.

उद्या एक छोटी फाइल चढवा, आत एकच ओळ, पीएचपीइन्फो(). नाव कुणाला सुचणार नाही असं द्या आणि काम झालं की काढून टाका. त्या पानावर 'सेशन.सेव्ह_पाथ' शोधा. समोर दोन रकाने असतील, लोकल व्हॅल्यू आणि मास्टर व्हॅल्यू. दोन्हीत काय आहे ते लिहा.

पुस्तकपेटी | मंगळवार, सकाळी ७:१८

लोकलमध्ये ...पीएचपी७४. मास्टरमध्ये ...पीएचपी८१. सर्व्हर एपीआयसमोर एफपीएम/फास्टसीजीआय असं काहीतरी आहे.

सर्व्हरअण्णा | मंगळवार, सकाळी ८:०२

सापडला चोर. मास्टर म्हणजे सर्व्हरचं मत, लोकल म्हणजे तुमच्या फोल्डरपुरता केलेला बदल. पब्लिक_एचटीएमएलमध्ये (साइटच्या फाइलींचा फोल्डर) .यूजर.आयएनआय नावाची फाइल आहे का बघा, पीएचपीची सेटिंग्ज तिच्यात असतात. टिंबाने सुरू होते, त्यामुळे फाइल मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये 'शो हिडन फाइल्स' केल्याशिवाय दिसणार नाही.

आणि एक आठवून सांगा. कधी सीपॅनेलमधल्या मल्टीपीएचपी आयएनआय एडिटरमध्ये जाऊन काही वाढवलं होतं का?

पुस्तकपेटी | मंगळवार, सकाळी ८:३०

अण्णा, तुम्ही ज्योतिष बघता का? तीन-चार वर्षांपूर्वी पुस्तकांच्या यादीची फाइल चढत नव्हती, २ एमबीची मर्यादा होती. तेव्हा तिथे जाऊन अपलोडची मर्यादा ३२ केली होती. सेशनला हातही लावला नव्हता, शपथ!

.यूजर.आयएनआय सापडली. आत दहा-बारा ओळी आहेत. अपलोडची आहे, मेमरीची आहे, आणि शेवटी सेशन.सेव्ह_पाथ, तोच ७४ वाला पत्ता.

सर्व्हरअण्णा | मंगळवार, सकाळी ९:१५

ज्योतिष नाही, असे पाचपन्नास बघितलेत. तो एडिटर तुम्ही बदललेली एकच ओळ लिहीत नाही. त्या पानावरच्या सगळ्या किमती, त्या दिवशी ज्या होत्या त्या, तशाच गोठवून फाइलमध्ये ओततो. तुम्ही अपलोड वाढवलंत, त्याने सोबत सेशनचा पत्ताही कोरून ठेवला. जुन्या सर्व्हरवर तो खरा होता म्हणून इतकी वर्षं कळलं नाही.

त्या फाइलमधून सेशनची ओळ तेवढी काढा, अपलोडची राहू दे. त्याच फोल्डरमध्ये पीएचपी.आयएनआय आणि .एचटीॲक्सेसमध्येही तीच ओळ असेल, तिथूनही उडवा. .एचटीॲक्सेसमध्ये ती 'इफमॉड्यूल'च्या कुंपणात दिसेल. काल तुमची साइट ५०० ला का गेली त्याचं कारणही तेच. पीएचपी_व्हॅल्यू ही ओळ पीएचपी अपाचेच्या पोटात मॉड्यूल म्हणून चालते तेव्हाच अपाचेला कळते. तुमच्याकडे एफपीएम आहे, म्हणजे पीएचपी अपाचेबाहेर वेगळी चालते; कुंपणाबाहेर ती ओळ दिसली की अपाचे हात वर करतो.

पुस्तकपेटी | मंगळवार, सकाळी ९:३१

तिन्हीकडून काढली. काही फरक नाही. लोकलमध्ये अजून ७४ च दिसतंय.

ओवी | मंगळवार, सकाळी ९:३४

काका, चहा घेऊन या. .यूजर.आयएनआय प्रत्येक हिटला वाचली जात नाही, वाचलेली प्रत ३०० सेकंद लक्षात ठेवली जाते. पाच मिनिटांनी बघा. मी एकदा त्या पाच मिनिटांत चौदा वेगवेगळे उपाय केले होते आणि शेवटी कशाने चाललं ते आजतागायत माहीत नाही.

पुस्तकपेटी | मंगळवार, सकाळी ९:४४

चाललं!!! दोन्ही रकान्यांत ८१. आमच्या बाई लॉगिन होऊन तीन पुस्तकं राखूनही मोकळ्या झाल्या. अण्णा, ओवी, दोघांना वाचनालयाचं तहहयात सभासदत्व.

गडगडाट | मंगळवार, सकाळी १०:२०

अभिनंदन. पण ७७७ वर टोमणा मारलात अण्णा, तो समजावून सांगा. आमचं चालतंय ना.

सर्व्हरअण्णा | मंगळवार, दुपारी १:१०

टोमणा नव्हता, काळजी होती. सेशनच्या फाइलचं नाव काय असतं? 'सेस_' आणि पुढे ती लांबलचक अक्षरं. ती अक्षरं म्हणजेच कुकीतला बिल्ला. फाइल उघडायचीही गरज नाही. ज्याला फोल्डरमधल्या नावांची यादी दिसली, त्याने त्यातलं एक नाव आपल्या ब्राउझरच्या कुकीत डकवलं की तो त्या क्षणी तो सभासद झाला. पासवर्ड नको, काही नको. त्या यादीत ॲडमिनचाही बिल्ला असतोच.

शेअर्ड सर्व्हरवर एका मशीनवर शेकडो बिऱ्हाडं असतात. चांगल्या कंपन्या खाती एकमेकांपासून अलग ठेवतात, पण ते त्यांच्या कृपेवर. ७७७ म्हणजे आपणहून दार सताड उघडं. आणि बरेच जण तो टेम्प फोल्डर पब्लिक_एचटीएमएलच्या आत करतात, म्हणजे डिरेक्टरी लिस्टिंग चालू असेल तर अख्ख्या जगाला यादी. पीएचपी तुमच्याच यूजरच्या नावाने चालत असेल तर ७०० (फक्त मालकालाच परवानगी) पुरतं. आणि फोल्डर पब्लिक_एचटीएमएलच्या बाहेर, घराच्या मुळाशी.

गडगडाट | मंगळवार, दुपारी १:२५

...बघतो आज संध्याकाळी.

माळरान | मंगळवार, दुपारी ३:४०

अवांतर होत असेल तर माफ करा. माझी साइट लॅरावेलवर (पीएचपीचा तयार सांगाडा) आहे. घरच्या लॅपटॉपवर झकास, होस्टिंगवर चढवलं की 'फाइल_पुट_कंटेंट्स ... फेल्ड टू ओपन स्ट्रीम'. गंमत म्हणजे पाथमध्ये 'सी:, झॅम्प, एचटीडॉक्स' असं येतंय. लिनक्स सर्व्हरवर सी ड्राइव्ह कुठून आला?

ओवी | मंगळवार, दुपारी ३:५२

तुमच्या लॅपटॉपवरून आला. घरी कधीतरी 'कॉन्फिग:कॅश' ही आज्ञा चालवलीत. तिने सगळी सेटिंग्ज, पूर्ण पत्त्यांसकट, बूटस्ट्रॅपमधल्या कॅश फोल्डरात कॉन्फिग.पीएचपी म्हणून शिजवून ठेवली, आणि तुम्ही ती झिपमधून वर चढवलीत. सर्व्हरवरची ती एक फाइल काढा. मग स्टोरेज, फ्रेमवर्क, सेशन्स हा फोल्डर खरंच आहे ना ते बघा. रिकामे फोल्डर चढवताना कधीकधी गळतात.

माळरान | मंगळवार, दुपारी ४:०५

काढली. चालू. दोन दिवस गेले होते यात.

सभासद_क्र_नाही | मंगळवार, रात्री ८:५०

माझी तक्रार जरा वेगळी. एरर काहीच नाही, पण लांबलचक फॉर्म भरता भरता लोक लॉगआउट होतात. सेशन.जीसी_मॅक्सलाइफटाइम (सेशन किती वेळाने शिळं धरायचं) १४४० आहे. १४४० मिनिटं म्हणजे चोवीस तास, मग अर्ध्या तासात का हाकलतं?

सर्व्हरअण्णा | मंगळवार, रात्री ९:३०

कारण ती मिनिटं नाहीत, सेकंद आहेत. १४४० सेकंद म्हणजे २४ मिनिटं. या आकड्याने भल्याभल्यांना फसवलंय.

तो वाढवा, पण सेशन सगळ्यांच्या सामाइक फोल्डरमध्ये असतील तर वाढवूनही फळ मिळेलच असं नाही. शिळ्या फाइली उचलायचं काम ज्याच्या वाट्याला येतं तो आपल्या घड्याळाने शिळेपणा ठरवतो. तुम्ही चार तास ठेवलेत आणि शेजारी २४ मिनिटांवर असेल, तर त्याचा झाडू तुमच्याही चिठ्ठ्या नेतो. ज्याला जास्त वेळ हवा त्याने फोल्डर स्वतःचा करावा.

पुस्तकपेटी | मंगळवार, रात्री ९:४८

हे वाचून मीही स्वतःचा फोल्डर करून टाकला. घराच्या मुळाशी, नाव सेशन्स, ७००. उद्या पुन्हा सर्व्हर हलवला, पीएचपी बदलली, तरी आपली फळी आपल्या घरात.

---

पुस्तकपेटी | पाच आठवड्यांनी, बुधवार, सकाळी ६:५५

धागा वर काढतोय. पुन्हा तेच! लॉगिन, लॉगिन, लॉगिन. या वेळी कंसात १२२ आहे. डिस्क कोटा एक्सीडेड. पण सीपॅनेलमध्ये डिस्क अर्ध्याहून जास्त मोकळी दिसतेय. मेलही येत नाहीयेत.

सर्व्हरअण्णा | बुधवार, सकाळी ७:४०

त्याच पानावर उजवीकडे 'फाइल युसेज' असं काही दिसतंय का? आणि सेशन्स फोल्डर उघडून आत काय आहे ते सांगा.

पुस्तकपेटी | बुधवार, सकाळी ८:०५

फाइल युसेज १,००,००० पैकी १,००,०००. लाल पट्टी. सेशन्स फोल्डर उघडायला गेलो तर चाक फिरत राहिलं, तीन मिनिटांनी यादी आली. संपतच नाही. आणि बहुतेक सगळ्या शून्य बाइटच्या!

सर्व्हरअण्णा | बुधवार, सकाळी ८:३५

शून्य बाइटची फाइल जागा खात नाही, पण नोंद खाते. प्रत्येक फाइलमागे एक आयनोड लागतो आणि कंपनीने तुम्हाला एक लाखच दिलेत. तुमच्या अॅक्सेशन रजिस्टरसारखं समजा. वही भरली की कपाट रिकामं असलं तरी नवं पुस्तक दाखल करता येत नाही. मेल बंद होण्याचंही तेच कारण, एक मेल म्हणजे एक फाइल.

चूक माझीही आहे. स्वतःचा फोल्डर करा म्हटलं, पण झाडायचं कोण ते सांगितलं नाही. पीएचपीइन्फोमध्ये सेशन.जीसी_प्रॉबॅबिलिटी (पीएचपीने स्वतः शिळ्या फाइली झाडायची शक्यता) किती आहे?

पुस्तकपेटी | बुधवार, सकाळी ८:४१

शून्य.

सर्व्हरअण्णा | बुधवार, सकाळी ९:००

मग पीएचपी स्वतः कधीच झाडत नाही. पुष्कळ सर्व्हरवर असंच ठेवतात, डेबियन-उबुंटूवर तर मुळातच शून्य असतं, कारण तिथे ठरावीक वेळाने वेगळा झाडूवाला फिरतो. पण तो फिरतो सर्व्हरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये. तुमच्या घरात येत नाही.

आता कोडं एवढंच की वाचनालयाच्या साइटवर पाच आठवड्यांत इतके लोक आले कुठून? कुकी न पाळणारा कुणीही आला की दर खेपेला त्याला नवा बिल्ला मिळतो. फाइलींच्या वेळा बघा, काही ताल दिसतो का.

पुस्तकपेटी | बुधवार, सकाळी ९:२६

ताल आहे. मध्यरात्रीही आहे. २:०१, २:०२, २:०३, दर मिनिटाला एक. अधूनमधून एकदम पंधरा-वीस.

ओवी | बुधवार, सकाळी ९:३३

पंधरा-वीस म्हणजे सर्च इंजिनचे बॉट. दर मिनिटाला म्हणजे कुणीतरी साइट जिवंत आहे का हे तपासणारी सेवा लावलीय. दिवसाला १४४० फाइली, पस्तीस दिवसांत ५०,४००. (पुन्हा १४४०! या वेळी खरोखर मिनिटं.)

पुस्तकपेटी | बुधवार, सकाळी ९:५०

अरे देवा. भाचा. मागच्या वेळी साइट बंद पडली तेव्हा म्हणाला होता, मामा, मी पुण्यातून लक्ष ठेवतो.

गडगडाट | बुधवार, सकाळी १०:०२

सोपं आहे. फोल्डरचं नाव बदलून सेशन्स_जुने करा, नवा सेशन्स बनवा, साइट लगेच सुरू. जुना सावकाश पुसा.

ओवी | बुधवार, सकाळी १०:०६

एरवी उत्तम युक्ती. पण नवा फोल्डरही एक आयनोड मागतो, आणि काकांकडे एकही नाही. आधी थोड्या तरी फाइली गेल्या पाहिजेत. काका, फाइल मॅनेजरमधून पुसाल तर 'स्किप द ट्रॅश'वर खूण करा, नाहीतर फाइली कचरापेटीत जाऊन बसतात आणि तिथेही मोजल्या जातात.

सर्व्हरअण्णा | बुधवार, सकाळी १०:३०

पन्नास हजार फाइली मॅनेजरमधून पुसू नका, तो गळपटेल. सीपॅनेलमध्ये क्रॉन जॉब्स (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवायची सोय) उघडा आणि तासाला एकदा चालेल अशी ही आज्ञा ठेवा (अर्थातच रोमनमध्ये, आणि पाथ पूर्ण लिहा):

फाइंड /होम/तुमचं-खातं/सेशन्स -टाइप एफ -नेम 'सेस_*' -एममिन +१४४० -डिलीट

एममिन मिनिटं मोजतं, म्हणजे दिवसभर कुणी न शिवलेल्या फाइली जातील. 'सेस_*' ला अवतरणचिन्ह ठेवाच. आणि पहिल्यांदा -डिलीटच्या जागी -प्रिंट लिहून बघा, क्रॉन यादी मेलने पाठवेल. अरे हो, तुमचा मेल बंद आहे. मग आज्ञेच्या शेवटी बाण (>) देऊन यादी एखाद्या जुन्या, आधीच असलेल्या लॉग फाइलमध्ये वळवा. पाथमध्ये एक अक्षर चुकलं तर हीच आज्ञा दुसरं काही पुसेल, म्हणून एवढा खटाटोप.

मग कोड. पुस्तकांची यादी बघायला सेशन कशाला हवं? तुमच्या हेडरच्या फाइलमध्ये सेशन_स्टार्ट() सर्वात वर असणार, म्हणून प्रत्येक पानाला बिल्ला. लॉगिनच्या पानावर ते तसंच राहू दे. बाकीच्या पानांवर, ब्राउझरने सेशनची कुकी आणली असेल तरच सुरू करायचं, एका 'इफ'चं काम आहे. आणि भाच्याला सांगा, मुख्य पानाऐवजी रोबोट्स.टीएक्सटी तपास. साइट जिवंत असल्याचं तेवढ्यानेही कळतं, आणि ती साधी फाइल असल्याने पीएचपी उठत नाही.

पुस्तकपेटी | बुधवार, दुपारी १२:२०

प्रिंटची यादी पाहिली, सगळ्या सेस_ वाल्याच होत्या. मग डिलीट. क्रॉन १२ वाजता चालला. फाइल युसेज ३७ हजारावर आलं, त्यातली निम्म्याहून जास्त पुस्तकांच्या मुखपृष्ठांची चित्रं. मेल धबाधबा येतायत, त्यात होस्टिंगवाल्यांचाही एक आहे: 'आपल्या खात्याची फाइल मर्यादा ९० टक्के भरली आहे.' आठ दिवसांपूर्वीचा. मीच उघडला नव्हता.

चहाटपरी | बुधवार, दुपारी १२:३१

कुकीज उडवायच्या का अजून?

पुस्तकपेटी | शनिवार, सकाळी ७:१०

हेडरमध्ये 'इफ' घातला, भाच्याने पत्ता बदलला. आज उठल्यावर सेशन्स फोल्डर उघडला. क्षणात उघडला. ४१ फाइली, एकही शून्य बाइटची नाही.

सर्व्हरअण्णा | शनिवार, सकाळी ८:००

झकास. पीएचपीइन्फोची फाइल काढलीत ना?

पुस्तकपेटी | शनिवार, सकाळी ८:०४

आत्ता काढतो.